रस्त्यावरचा चेहरा कोणाच्या मालकीचा? अनोळखी माणसांचे चित्रीकरण आणि आपला कायदा

मे २०२५ मध्ये बेंगळुरूच्या मेट्रोतून प्रवास करणाऱ्या स्त्रियांचे त्यांच्या नकळत काढलेले व्हिडिओ एका इन्स्टाग्राम खात्यावर नियमितपणे टाकले जात असल्याचे उघडकीस आले आणि पोलिसांनी ते खाते चालवणाऱ्या तरुणाला अटक केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच शहरातल्या चर्च स्ट्रीटवर तसाच प्रकार घडला. या वेळी चित्रित झालेल्या एका तरुणीने स्वतःच पुढे येऊन सांगितले, की आपला व्हिडिओ परवानगीवाचून टाकला गेला, त्यानंतर आपल्याला अश्लील संदेश येऊ लागले आणि इन्स्टाग्रामकडे तक्रार करूनही काही उपयोग झाला नाही. याही प्रकरणात अटक झाली.

या बातम्या वाचून अनेकांच्या मनात एक सरळ शंका आली. रस्ता सार्वजनिक, मेट्रो सार्वजनिक, अंगावर नेहमीचे कपडे. जे शेकडो लोकांना दिसतच होते तेच कॅमेऱ्यात आले, तर गुन्हा नेमका कोणता? याच्या उलट शंकाही तितकीच रास्त आहे: एखादा हवालदार हातगाडीवाल्याकडून पैसे घेताना मी चित्रित केले, तर उद्या मलाच खासगीपणाच्या हक्काचा बडगा दाखवला जाईल का? या दोन्ही शंकांचे उत्तर एका कलमात सापडत नाही, कारण माणसांच्या चित्रीकरणाविषयी स्वतंत्र असा कायदाच भारतात नाही. चार-पाच निरनिराळ्या कायद्यांचे तुकडे जोडून उत्तर शोधावे लागते आणि त्या तुकड्यांमध्ये बरीच फट राहते.

हक्क आला कुठून?

राज्यघटनेत ‘खासगीपणा’ हा शब्द मूलभूत हक्कांच्या यादीत कुठेही नाही. १९५४ मध्ये आठ आणि १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांच्या पीठांनी असा हक्क मान्य करण्यास नकार दिला होता. आधार योजनेला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आव्हान दिले, तेव्हा हा जुना प्रश्न पुन्हा उघडला गेला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे.

आपल्या विषयासाठी त्या निकालातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. चार न्यायाधीशांच्या वतीने लिहिताना न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी स्पष्ट केले, की माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्यानेच त्याचा खासगीपणा संपत नाही, कारण तो हक्क जागेला नव्हे तर माणसाला चिकटलेला असतो. ‘रस्त्यावर आलात ना, मग तक्रार कसली?’ हा युक्तिवाद निदान घटनेच्या पातळीवर तेव्हाच निकालात निघाला.

अडचण वेगळीच आहे. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायचे असतात, आणि मोबाइल हातात धरलेला तरुण म्हणजे सरकार नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने अनुच्छेद १९ (अभिव्यक्ती आदी स्वातंत्र्ये) आणि २१ मधील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात असे म्हटले, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी या मुद्द्यावर भिन्न मत नोंदवले. तत्त्व म्हणून हे पाऊल मोठे आहे. व्यवहारात मात्र शेजाऱ्याने किंवा वाटसरूने काढलेल्या व्हिडिओविरुद्ध अनुच्छेद २१ घेऊन थेट उच्च न्यायालयात जाणारा सामान्य माणूस विरळाच.

पाहणे निराळे, दाखवणे निराळे

या विषयातला बहुतेक गोंधळ तीन कृती एकच मानल्यामुळे होतो: एखाद्याला पाहणे, त्याचे चित्रण करणे आणि ते चित्रण जगाला दाखवणे. शनिवारच्या बाजारात भाजी घेताना शंभर जणांनी तुम्हाला पाहिले, म्हणून त्याच चौकात तुमचा वीस फुटी फ्लेक्स लावायला तुम्ही संमती दिली असे कोणी म्हणणार नाही. बाजारातली नजर पुढच्या क्षणी दुसरीकडे वळते. फ्लेक्स मात्र तिथेच राहतो, ज्यांनी तुम्हाला पाहिले नव्हते त्यांनाही दिसतो आणि त्याखाली काय लिहायचे ते लावणारा ठरवतो. समाजमाध्यमावरचा व्हिडिओ तर पालिकेला उतरवता न येणारा फ्लेक्स आहे.

म्हणून सार्वजनिक जागी चित्रण करणे, ते स्वतःजवळ ठेवणे आणि ते प्रसिद्ध करणे यांचा विचार वेगवेगळा करायला हवा. भारतात सार्वजनिक रस्त्यावर कॅमेरा चालू करायला सर्वसाधारणपणे कोणाचीही परवानगी लागत नाही आणि चौकटीत अनोळखी माणसे आली म्हणून तो गुन्हाही ठरत नाही. पर्वतीच्या पायऱ्यांवर स्वतःच्या मुलाचा व्हिडिओ काढताना मागून चाललेली वीस माणसे त्यात आली, तर त्यात आक्षेपार्ह काहीच नाही. कॅमेरा मुद्दाम एका अनोळखी माणसाचा माग काढू लागला, की प्रश्न सुरू होतो; आणि ते चित्रण प्रसिद्ध झाले, की तो गंभीर होतो.

फौजदारी कायदा शरीर राखतो, चेहरा राखत नाही

या विषयाला सर्वांत जवळची दोन कलमे आहेत. पहिले माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६ई. कोणत्याही व्यक्तीच्या, म्हणजे स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या, गुप्तांगांचे अथवा तत्सम खासगी अवयवांचे, मग ते उघडे असोत वा फक्त अंतर्वस्त्रांत, संमतीवाचून चित्रण करणे किंवा ते प्रसारित करणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा दोन लाखांपर्यंतच्या दंडाचा, किंवा या दोन्ही शिक्षांचा गुन्हा आहे. कलमातच स्पष्ट केले आहे, की आपले असे अवयव लोकांना दिसणार नाहीत अशी रास्त अपेक्षा व्यक्तीला असेल, तर जागा सार्वजनिक आहे की खासगी याने फरक पडत नाही. जिन्याखालून किंवा सरकत्या पायऱ्यांवर मोबाइल तिरका धरून केलेले चित्रण यात सरळ बसते.

दुसरे कलम भारतीय न्याय संहितेतले ७७, म्हणजे पूर्वीच्या दंडविधानातले ३५४सी. ते दिल्लीतील निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये आले. खासगी कृतीत असलेल्या स्त्रीला चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे यासाठी पहिल्या वेळी एक ते तीन आणि पुन्हा दोषी ठरल्यास तीन ते सात वर्षे कैद आहे. ‘खासगी कृती’ची व्याख्या मात्र अरुंद आहे: खासगीपणाची अपेक्षा असलेल्या जागी शरीर उघडे किंवा केवळ अंतर्वस्त्रांत असणे, शौचालयाचा वापर, लैंगिक संबंध. याच कलमात एक मोलाचे स्पष्टीकरण आहे, ते सहसा कोणाला माहीत नसते: स्त्रीने चित्रण करू दिले असेल, पण ते इतरांना देण्यास संमती दिली नसेल, तर ते पसरवणे हा गुन्हाच आहे. पाहणे आणि दाखवणे यांतला फरक कायद्याने इथे स्वच्छपणे मान्य केला आहे. तो इतक्या छोट्या क्षेत्रापुरताच का, हे मात्र विचारायला हवे.

या दोन कलमांच्या हद्दीवर एक प्रसंग नेहमी येतो: तीर्थक्षेत्रीचे स्नान. नदीचा घाट ही खासगी जागा नव्हे. तिथे हजारो माणसे एकमेकांसमोर उघड्यावर आंघोळ करतात. पण त्या उघडेपणामागे एक अलिखित संकेत असतो, की सगळे जण स्नानाला आले आहेत आणि कोणी कोणाकडे टक लावून बघत नाही. हा संकेत मोबाइलने मोडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात स्नान करणाऱ्या आणि कपडे बदलणाऱ्या स्त्रियांचे व्हिडिओ पसरवणाऱ्या समाजमाध्यम खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे नोंदवले. असे चित्रण कलम ७७ मध्ये बसेल का, यावर वकील वाद घालू शकतील, कारण घाटावर खासगीपणाची अपेक्षा किती हा प्रश्न खुला आहे. चित्रणात काय दिसते त्यानुसार ६६ई ची वाट मात्र उपलब्ध राहते. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. रामकुंडावर पर्वणीच्या दिवशी लाखो मोबाइल असतील, तेव्हा हा प्रश्न आपल्या दारात येणार आहे, आणि त्याचे उत्तर केवळ गुन्हे नोंदवून देण्यापेक्षा कपडे बदलण्याचे पुरेसे आडोसे उभारून देणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आता पूर्ण कपड्यांतल्या माणसाचे काय? केरळ उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये नेमका हा प्रश्न आला. स्वतःच्या घरासमोर उभ्या असलेल्या एका स्त्रीची छायाचित्रे काढल्याचा आरोप होता. न्यायालयाने सांगितले, की ती कोणत्याही खासगी कृतीत नव्हती, त्यामुळे चोरून पाहण्याचे कलम लागू होत नाही; आरोपांचे स्वरूप पाहता दुसरे कलम लागू शकेल, ही शक्यता मात्र न्यायालयाने खुली ठेवली. कायद्याच्या शब्दांनुसार निकाल बरोबर आहे. चुकला असेल तर तो कायदा, कारण चेहरा, चालणे, एकटेपणा, थकवा या कशालाच तो खासगी मानत नाही.

मग बेंगळुरूत अटक कशी झाली?

जवळपासची कलमे वापरून. मेट्रोच्या प्रकरणात अश्लील मजकुराचे आणि पाठलागाचे कलम लावण्यात आले. पाठलागाचे कलम ७८ मुळात स्त्रीने नाराजी दाखवूनही तिच्याशी वारंवार संपर्क साधू पाहणाऱ्यासाठी किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणाऱ्यासाठी आहे. जिला आपले चित्रण होत असल्याचा पत्ताच नव्हता तिने नाराजी दाखवायची कशी, हा बचाव पक्षाचा पहिला प्रश्न असणार. कलम ७९ मध्ये स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने तिच्या खासगीपणावर अतिक्रमण करण्याचा उल्लेख आहे, पण तिथे हेतू सिद्ध करावा लागतो. अशा वेळी व्हिडिओखालची ओळ, खात्याचे नाव, कॅमेरा शरीराच्या कोणत्या भागावर रेंगाळतो आणि संपूर्ण खात्यावर कोणाचे व्हिडिओ आहेत, हाच पुरावा ठरतो.

७७, ७८ आणि ७९ ही कलमे फक्त स्त्रियांसाठी आहेत. रस्त्यावर झोपलेला मजूर, लोकलमध्ये पेंगणारा कारकून किंवा फोनवर रडणारा तरुण यांचा व्हिडिओ ‘मजा बघा’ म्हणून फिरवला गेला, तर त्यांच्यासाठी उरते ती अब्रुनुकसानी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. पण केवळ चेहरा दाखवण्याने अब्रुनुकसानी होत नाही. त्या माणसाविषयी काहीतरी बदनामीकारक सूचित व्हावे लागते. झोपलेल्या मजुराला ‘दारुडा’ म्हटले तर प्रकरण उभे राहते, नुसते हसण्याचे चिन्ह टाकले तर बहुधा नाही.

‘प्रँक’ या नावाखाली चालणाऱ्या प्रकारांची गोष्ट त्यामानाने सोपी आहे. अनोळखी माणसाची वाट अडवणे हा कलम १२६ खाली गुन्हा आहे. अंगाला हात लावला तर आणखी कलमे येतात. कॅमेरा चालू होता आणि शेवटी ‘मस्करी होती काका’ म्हटले, याने काही बदलत नाही.

‘प्रत्येकाची परवानगी घ्यायची तर बातमीदारीच बंद पडेल’

हा आक्षेप वजनदार आहे. मोर्चा, दंगल, अपघात, तुंबलेले रस्ते यांचे चित्रण प्रत्येकाची संमती घेऊन होऊच शकत नाही, आणि रस्त्यावरच्या जगण्याची छायाचित्रे काढणाऱ्यांची एक मोठी परंपरा आहे. पण चित्रण मोकळे ठेवून प्रसिद्धीवर संमतीची अट घालता येते, हे जर्मनीने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. १८९८ मध्ये दोन छायाचित्रकारांनी जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क याच्या घरात घुसून त्याच्या मृतदेहाचे छायाचित्र काढले. त्यातून उठलेल्या वादळानंतर १९०७ मध्ये कायदा झाला, की माणसाचे चित्र त्याच्या संमतीनेच प्रसारित करता येईल. त्याच कायद्यात अपवादही आहेत: समकालीन सार्वजनिक घडामोडी, सभा-मिरवणुका, आणि दृश्यात ओघाने आलेली माणसे. तिथली बातमीदारी काही बंद पडली नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये माँट्रियल शहरात एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र संमतीवाचून छापणाऱ्या कलाविषयक मासिकाला क्वेबेकच्या कायद्याखाली जबाबदार धरले आणि तिला दोन हजार डॉलरची भरपाई कायम ठेवली. याउलट न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरवर नकळत टिपलेल्या एका वृद्ध धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थाने, आपले चित्र विकले गेले म्हणून भरलेला दावा २००६ मध्ये फेटाळला गेला, कारण तिथे कलेच्या स्वातंत्र्याला अधिक वजन मिळाले. भारत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. मला स्वतःला जर्मनीची मांडणी अधिक पटते, एका अटीवर: सार्वजनिक कर्तव्य बजावणारे लोक तिच्या आडोशाला लपता कामा नयेत.

पोलिसांचे चित्रीकरण करता येते का?

येते. कर्तव्यावरील पोलिसाचे सार्वजनिक जागी चित्रण करण्यास मनाई करणारा सर्वसाधारण कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या ऑटो शंकर प्रकरणातच, म्हणजे एका फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्राच्या प्रसिद्धीवरून झालेल्या खटल्यात, म्हटले होते, की सरकारी अधिकाऱ्यांना त्यांच्या अधिकृत कामाबाबत खासगीपणाच्या नावाने दाद मागता येणार नाही, जोवर प्रसिद्ध केलेला मजकूर खोटा आणि बेदरकारपणे छापलेला नसेल. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढणाऱ्यांवर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हे नोंदवले जात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये असा एक गुन्हा रद्द करताना स्पष्ट केले, की त्या कायद्यातल्या ‘प्रतिबंधित जागे’च्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, औरंगाबाद खंडपीठानेही नंतर तीच भूमिका घेतली. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या सर्व पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिलेलाच आहे, त्यामुळे तिथले चित्रण मुळात वर्ज्य आहे असे म्हणायला जागा उरत नाही.

सावधगिरी एकच: चित्रण करताना कामात अडथळा आणू नये, कारण सरकारी कामात अडथळ्याचे कलम अशा वेळी चटकन लावले जाते. आणि तक्रार द्यायला आलेल्या पीडित स्त्रीचा किंवा बालकाचा चेहरा चौकटीत आला, तर तो प्रसिद्ध करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. बलात्कारपीडितेची आणि कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास स्पष्ट बंदी आहे.

हॉटेल, बार आणि सोसायटीचा जिना

मालकीची जागा जनतेला खुली असली तरी तिथे मालकाचे नियम चालतात. मॉलने चित्रीकरण बंद म्हटले तर बंद. पण नियम सरकारचा असेल तर तो घटनेच्या कसोटीला उतरावा लागतो. महाराष्ट्र सरकारने डान्सबारमध्ये सीसीटीव्ही सक्तीचा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये खासगीपणाचा भंग म्हणून रद्द केला. ज्यांच्या खासगीपणाची कोणी एरवी फिकीर केली नसती, त्यांच्यासाठी हा निकाल आला. घरगुती कॅमेऱ्यांबाबत कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये असे ठरवले, की एकाच वास्तूत एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीवाचून निवासी भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, आणि त्यात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

व्हिडिओतून कोणी कमाई करत असेल तर?

छायाचित्राचा स्वामित्वहक्क सहसा ते काढणाऱ्याकडे असतो, चित्रातल्या माणसाकडे नाही. म्हणून ‘माझा चेहरा आहे, माझा कॉपीराइट आहे’ अशी तक्रार टिकत नाही. नामवंत व्यक्ती आपल्या नावाच्या, आवाजाच्या आणि छबीच्या व्यापारी वापराविरुद्ध मनाई हुकूम मिळवतात; अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडून आणि अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून असे संरक्षण मिळाले. त्यांच्या चेहऱ्याला बाजारात किंमत आहे, म्हणून तो राखला जातो. भाजीवालीच्या चेहऱ्यावर एखाद्या चॅनेलने लाखो ‘व्ह्यूज’ मिळवले तरी तिची किंमत कशी मोजायची, हे न्यायालयांनी अजून ठरवलेले नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून काहींना आशा आहे. ज्यावरून माणूस ओळखता येतो अशी कोणतीही डिजिटल माहिती त्याच्या कक्षेत येते, म्हणजे चेहऱ्याचा व्हिडिओही. वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेले चित्रण त्यातून वगळले आहे, पण जाहिरातींचे उत्पन्न देणारे चॅनेल घरगुती कसे म्हणावे? माझ्या मते म्हणता येणार नाही. आणि तसे झाले तर संमती घेणे व मागणी आल्यास व्हिडिओ काढून टाकणे चॅनेलचालकावर बंधनकारक ठरेल. मात्र या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. त्यातला दंड सरकारजमा होतो, पीडिताला भरपाई मिळत नाही. शिवाय पत्रकारितेला त्यात वेगळी सूट दिलेली नाही, त्यामुळे भाजीवालीसाठी बनलेले हत्यार आधी बातमीदारावर उगारले जाण्याची भीती खोटी म्हणता येत नाही.

आपला व्हिडिओ फिरू लागला असेल तर

समोरच्याचा फोन हिसकावू नये आणि त्यातला मजकूर जबरदस्तीने पुसू नये. तसे करणाऱ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. हा नियम पोलिसांनाही आहे, त्यांना फोन हवा असेल तर तो रीतसर नोंद करून जप्त करावा लागतो. प्रत्यक्ष चित्रण चालू असताना स्पष्ट आवाजात ‘माझे चित्रण करू नका’ म्हणावे, कारण पुढे संमती नव्हती हे दाखवायला तेच उपयोगी पडते.

व्हिडिओ टाकला गेला असेल तर आधी त्याची लिंक, खात्याचे नाव, तारीख आणि खालच्या प्रतिक्रिया यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. रागाच्या भरात आधी तक्रार करून व्हिडिओ उतरवला आणि मागे पुरावाच उरला नाही, असे फार वेळा होते. मग त्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार दुसऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करणारा मजकूर ठेवू न देणे हे मंचाचे कर्तव्य आहे. नग्नता किंवा बनावट, फेरफार केलेली छबी असेल तर मूळ नियमांत चोवीस तासांची मुदत होती, ती आता आणखी आवळली आहे. तिथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे घरबसल्या अपील करता येते, त्यासाठी वकील लागत नाही. पोलीस तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते; हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार परत पाठवता येत नाही. तक्रारीत केवळ ‘परवानगीवाचून व्हिडिओ काढला’ एवढेच न लिहिता व्हिडिओखाली काय लिहिले होते, त्यानंतर कोणते संदेश आले, पाठलाग झाला का, हे सविस्तर लिहावे, कारण आजच्या कायद्यात कलम ठरते ते याच तपशिलांवर.